मुरूम समजून खणलेली माती

अन्वी आणि ईशान,

गेल्या महिन्यात ईशानच्या भूगोलाच्या वहीत शिक्षिकेने एका वाक्याखाली लाल रेघ मारली. ‘दगड लाकडासारखा सडतो’ अशा अर्थाचे ते इंग्रजी वाक्य होते. दगड सजीव नसतो, तो सडत नाही, पुस्तकातला शब्द वापर, असा शेरा समासात होता. ईशानने वही फोनसमोर धरली आणि म्हणाला, “आजी, हे तू सांगितलं होतंस.”

मीच सांगितले होते. बाईंची रेघही चुकीची नाही. मराठीत त्या क्रियेला विदारण म्हणतात, आणि मी ती महाविद्यालयात इंग्रजीतून, आकृत्यांसह, फार चांगल्या गुणांनी शिकले होते. ‘सडतो’ हा शब्द मात्र मी एका म्हातारीकडून घेतला. तो घेताना माझ्या हातून जी चूक झाली होती, ती मी घरात कधी नीट सांगितलेली नाही, तुमच्या आईलाही नाही. त्या वेळच्या माणसांपैकी आता माझ्याखेरीज एकच उरला आहे. म्हणून, इथल्या दिवाळी अंकाने नोकरीच्या आठवणी मागितल्यावर मी हे तुम्हा दोघांना उद्देशून लिहायला घेतले. अन्वीला वाचता येते. ईशानला जोडाक्षरे अडतात, त्याला तिने वाचून दाखवावे.

मी सरकारी नोकरीत भूवैज्ञानिक होते. विहीर कुठे खणावी ते दाखवणे हे माझे काम. पिशवीत हातोडा, भिंग, होकायंत्र, सौम्य आम्लाची छोटी बाटली आणि वही. जीपमध्ये जमिनीत वीज सोडून मोजण्याचे यंत्र.

आपला यवतमाळ जिल्हा बहुतेक काळ्या पाषाणावर बसलेला आहे. लाव्हाचा एक थर पसरला, थिजला, त्यावर दुसरा, असे ते थर. ताजा काळा पाषाण इतका घट्ट असतो की त्यात पाण्याला राहायला जागाच नसते. त्यामुळे आमचा सगळा धंदा मोडलेल्या दगडावर चालतो. दगड मोडला, त्यात फटी आणि पोकळ्या झाल्या, तरच पावसाचे पाणी आत जाते आणि विहिरीला मिळते.

तो मोडतो दोन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा अंगमेहनतीची. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी दगडाला हात लावता येत नाही, आणि संध्याकाळी त्यावर वळवाची सर पडते. वर्षानुवर्षे असे तापून आणि थंड होऊन वरची साल सुटू लागते, भेगा पडतात. भेगेत उंबराचे नाहीतर पिंपळाचे मूळ शिरते आणि जाड होत जाते. तुमच्या तिकडच्या थंड गावी हेच काम बर्फ करतो: फटीतले पाणी गोठते, फुगते आणि दगड उकलतो. पाषाण तोच राहतो, फक्त त्याचे तुकडे होतात.

दुसऱ्या तऱ्हेत मात्र पाषाण बदलतो. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून येताना किंचित आंबट होते. किंचितच, अंबाडीच्या भाजीपेक्षा कितीतरी कमी. ते दगडात मुरते. दगडातले लोखंड गंजते, म्हणून मुरूम पिवळा-तांबडा दिसतो. चुना विरघळून खाली जातो आणि चुनखडीचे खडे होऊन बसतो. दगडातले चमकणारे पांढरे कण हळूहळू चिकणमाती होतात. या दोन तऱ्हा जोडीने चालतात. भेग पडली की पाण्याला वाट मिळते. चौकोनी दगडाच्या कोपऱ्यावर पाणी तिन्ही बाजूंनी काम करते, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि दगड गोल होतो. टेकडीच्या कापात तुम्हाला कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल गोटे दिसतात, ते असे झालेले असतात.

हे सगळे मला तोंडपाठ होते. नोकरीच्या पहिल्या दिवशी पुंडलिकराव म्हणून माझे मदतनीस, उमरखेडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, मला म्हणाले, “म्याडम, पुस्तक ठेवा जीपमधी. दगडाले हातोडा मारून पाहा.” ताजा पाषाण घंटेसारखा वाजला. जुना, पाणी मुरलेला, भद्द वाजला. “हा वाजला थो कामाचा नाही,” ते म्हणाले. “न वाजणारा पाह्यजे आपल्याले.” मी ते वहीत टिपून घेतले. पुंडलिकराव बाजूला तोंड करून हसले.

आता मुख्य गोष्ट. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची.

महागावहून उमरखेडकडे जाताना टेकड्यांच्या पायथ्याशी एक तांडा आहे. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. आता ते स्वतःच्या शेतात कापूस आणि सोयाबीन घेतात. प्रत्येक तांड्याचा एक नायक असतो. इथले थावरा नायक चाळिशीचे होते, बोलणे मोजके. त्यांच्या आईचे नाव गोमली. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

उन्हाळ्यात तांड्यातल्या बायका नाल्याच्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीने पाणी भरत. एक घागर भरायला अर्धी सकाळ जाई. त्या वर्षी तांड्याला एक सार्वजनिक विहीर मंजूर झाली होती. जागा मी दाखवायची, खोदाई तांड्याने करायची. विहीर लागली नाही तर तांड्याचे नाव यादीतून जाणार होते, आणि पुन्हा कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हते.

आम्ही यंत्राच्या चार लोखंडी सळया जमिनीत ठोकत होतो, तेव्हा गोमली कमरेवर हात ठेवून येऊन उभी राहिली.

“काय ठोकून राह्यली बेटी? बैल बांधतं का?”

“याडी, जमिनीत करंट सोडतो,” पुंडलिकराव म्हणाले.

“मंग पाणी बोंबलत वर येते का?”

बायका हसल्या. मीही हसले, आणि मग तिला समजावून सांगितले. घट्ट कोरड्या दगडातून वीज सहज जात नाही, ओल्या सच्छिद्र मुरमातून सहज जाते. जिथे ती खोलवर सहज जाईल, तिथे पाणी. तिने ऐकून घेतले.

दोन जागा तपासल्या. एक तांड्याच्या मागे, चढावर. तिथे माती कमी होती आणि गोल गोटे वर आलेले होते. यंत्राचे आकडे बरे होते, पण फार चांगले नाहीत. दुसरी जागा खाली, नाल्याच्या काठी. तिथले आकडे पाहून मी खूश झाले. चाळीस फुटांपर्यंत वीज सरळ गेली होती. शिवाय सखल जागी पाणी जास्त मुरते, मोडलेल्या दगडाचा थर जाड असतो, हे पुस्तकातले तत्त्व जुळत होते. मी खालची जागा ठरवली.

मग नायकांच्या अंगणात चहा झाला. घराच्या भिंती नुकत्या पोतारलेल्या, पांढऱ्या स्वच्छ.

“भिंती किती सुरेख आहेत,” मी म्हणाले.

“नाल्याकाठची माती हाय,” गोमली म्हणाली. “दरसाल आनतो.”

मी मान हलवली आणि बशीतला चहा प्यायले. वहीत लिहिले: चाळीस फुटांपर्यंत मुरूम अपेक्षित, बाजू उभ्या राहतील. भिंतीबद्दल लिहिले नाही. ते माझ्या लेखी घरगुती बोलणे होते.

झाले काय होते ते आता सांगते. ओल्या मुरमातून वीज सहज जाते हे खरे, पण ओल्या चिकणमातीतूनही ती तशीच जाते. आकडे पाहून दोन्हींतला फरक नेहमी कळत नाही. हे मला परीक्षेत विचारले असते तर मी अचूक लिहिले असते. दगड अर्धवट मोडलेला असतो तोवर त्यात पाणी फिरते. पुरता मोडून त्याची माती झाली की त्या मातीचे कण इतके बारीक असतात की पाणी त्यांना धरून बसते, सुटत नाही. नाल्याकाठी हजारो वर्षे पाणी मुरून पाषाणाची अगदी शेवटची अवस्था झाली होती. तांड्यातल्या बायका दरवर्षी तिथून टोपलीभर खणून नेत होत्या आणि मला ते सांगूनही झाले होते.

दुसरे असे की मुरूम उभा कापला तरी राहतो. चिकणमाती ओली झाली की घसरते.

तांड्याने भोग लावून खोदाई सुरू केली. भोग म्हणजे निखाऱ्यावर तूप आणि गोड भाताचा नैवेद्य. मला मानाने दूर खुर्चीवर बसवले होते. महिनाभर सगळे पाळीपाळीने खणत होते. पंचवीस फुटांवर गेले तरी विहीर फक्त घामेजायची. मग एका दुपारी वळवाची जोराची सर आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थावरा नायक खाली असताना एक बाजू सुटली. ते कमरेपर्यंत गाडले गेले. लोकांनी हातांनी उकरून त्यांना वर काढले. डावा पाय दोन ठिकाणी मोडला होता.

मी तिसऱ्या दिवशी पोचले. नायक उमरखेडच्या दवाखान्यात होते. काढलेल्या ढिगातला एक खडा मी जिभेला लावला. तो चिकटला. चिकणमातीची ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे. तिला यंत्र लागत नाही, आणि ती मी जागा ठरवण्याआधी करायला हवी होती.

कचेरीत आमच्या साहेबांनी शांतपणे ऐकले. ते वाईट माणूस नव्हते, माझे भले पाहत होते. म्हणाले, “खोदाईत पुरेशी काळजी घेतली गेली नाही, एवढं लिहा. तुमचं नाव मध्ये कशाला आणता? लहान मुलगी आहे तुमची.”

ती लहान मुलगी म्हणजे तुमची आई. मी तसा अहवाल लिहिला. हे मला लपवायचे नाही. सुवाच्य अक्षरात, तीन परिच्छेद, आणि टंकलेखकाकडे न्यायला पुंडलिकरावांकडे दिला. ते वाचून जागचे हलले नाहीत.

“काय झालं?” मी विचारले.

“काही नाही म्याडम. थावराले वाचता येते, एवढंच ध्यानात आलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे थो वाचंन का चूक त्याचीच. अन् तांडा यादीतून जाते. खोदनाऱ्याची चूक असंन तं दुसरी जागा कोन देईन? जागा दाखवनाऱ्याची असंन तं द्यावंच लागते.”

हे मला माहीत नव्हते असे नाही. मी त्या बाजूने पाहिले नव्हते. मी कागद परत घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत दुसरा लिहिला. चिकणमातीला मुरूम समजले, बाजूंना उतार देण्याची सूचना दिली नाही, स्थाननिश्चिती चुकली, पर्यायी जागेची शिफारस करते. खाली नाव. पुढे माझी बढती काही वर्षे लांबली. साहेब बदलून जाईपर्यंत माझ्याशी नीटच वागले, पण भले पाहायचे त्यांनी थांबवले.

दुसऱ्या जागेची परवानगी आली. पण खणणार तांडा, आणि मला तिथे जायचे होते.

थावरा नायक अंगणात खाटेवर होते, पाय प्लास्टरमध्ये. तांडा गोळा झाला. चहा आला.

“आता कोनाचा पाय पाह्यजे म्याडमले?” गर्दीतून कुणीतरी विचारले.

“चूप रे,” नायक म्हणाले.

मी उभी राहिले आणि सांगितले की चूक माझी होती, मी मातीला मुरूम समजले.

“आमाले तं पह्यल्या आठ दिवसांतच माती दिसत होती,” नायक म्हणाले.

“मग थांबला का नाहीत?”

“तुमच्या कागदावर मुरूम लिवलं होतं. आमाले वाटलं खाली असंन.”

मग त्यांनी विचारले, “हे चूक झाली म्हनून तोंडानं सांगता, का कागदावर बी हाय?”

मी अहवालाची प्रत दिली. त्यांनी ती एकेका शब्दावर बोट ठेवून वाचली. ‘स्थाननिश्चिती’ला अडले, मी अर्थ सांगितला. वाचून झाल्यावर घडी घालून उशाखाली ठेवली. माझी प्रत होती, पण मी परत मागितली नाही.

“मी काय सांगू? मले खंदाले येत नाही आता,” ते म्हणाले. “याडीले विचारा.”

गोमली उठली, विळा घेतला आणि मला म्हणाली, “चाल माह्यासंगं.”

नाल्याचा काठ एके ठिकाणी उभा तुटलेला होता आणि चढाकडे वर वर जात होता. मी तिथून दोनदा गेले होते. तिने विळ्याने खालचा भाग खरवडला. लोण्यासारखी पांढुरकी माती निघाली. “हा पुरा सडला. हा भिंतीचा. याच्यात पाणी टाक, पिऊन बसते, वापस देत नाही.” चार पावले वर गेली. विळा करकरला, पिवळा मुरूम खडबडीत सुटला. “हा सडून राह्यला अजून.” आणखी वर पापुद्रे सुटलेले गोटे होते, मध्ये मुरूम, गोट्यांना भेगा. तिने विळ्याच्या मुठीने एका गोट्यावर मारले. भद्द. अगदी टोकाला, टेकडीच्या अंगाला, काळा पाषाण. तो खणखणला. “हा कोराच हाय.”

माझ्या पाठ्यपुस्तकातली चार पानांची आकृती तिने शंभर पावलांत दाखवली होती.

“तुम्हाला हे ठाऊक होतं, तर त्या दिवशी का नाही सांगितलं?” मी विचारले.

“मले भिंतीचं ठाऊक होतं, बेटी. विहिरीचं तुले ठाऊक असंन असं वाटलं.” मग म्हणाली, “तुह्यं यंत्र शहानं हाय. पर त्यानं कधी भिंत नाही पोतारली.”

आम्ही दोघींनी मिळून चढावरची जागा ठरवली, गोट्यांची. मी पुन्हा यंत्र लावले, आकडे तेच बरे-बरे आले. या वेळी मी आधी हातोडा मारला, मुरूम चुरगळून पाहिला, जिभेला लावला. चिकटला नाही. बाजूंना उतार किती द्यायचा ते कागदावर लिहिले आणि तोंडानेही दोनदा सांगितले. पुन्हा भोग लावला गेला. या वेळी खुर्ची नव्हती. गोमलीने हाताला धरून मला निखाऱ्याजवळ बसवले. धुराने डोळ्यांतून पाणी आले आणि ते बरे झाले, कारण नाहीतरी येणारच होते.

ती खोदाई पहिलीपेक्षा कष्टाची होती. गोटे घणाने फोडावे लागत. नायक खाट काठावर टाकून पडल्या पडल्या सूचना देत आणि शिव्याही. पाणी लागले तेव्हा मी तिथे नव्हते. पांढरकवड्याकडे दुसऱ्या कामावर होते. परत आले त्या सकाळी एसटीचा कंडक्टर कचेरीत आला. हातात झाकण घट्ट लावलेली बाटली.

“म्याडम कोन हाय इथं? फाट्यावर एका म्हातारीनं देली. सांडू नोको म्हने, सांडलं तं पुढच्या बारीले गाडीत बसू देनार नाही. गाडी माही का तिची?”

बाटलीत तांबूस गढूळ पाणी होते. मी ती टेबलावर ठेवली आणि दिवसभर फायलींमधून तिच्याकडे पाहत राहिले. चिकणमातीचे पाणी निवळत नाही, दुधासारखे तसेच राहते. संध्याकाळी कचेरी सुटायच्या वेळी तळाशी मुरमाचे बारीक खडे बसले होते आणि वरचे पाणी स्वच्छ होते. पुंडलिकरावांनी बाटली उजेडात धरली, खाली ठेवली, टोपी घातली आणि घरी गेले.

यंदा मार्चअखेर मी तिकडे जाऊन आले. तुमच्या आईने गाडी ठरवून दिली होती. कशासाठी ते मी तिला सांगितले नव्हते. गोमली आणि पुंडलिकराव दोघेही गेले. तांड्यात नळ आले आहेत. पाणी येते त्या दिवशी विहिरीकडे कुणी फिरकत नाही, येत नाही त्या दिवशी सगळे तिकडे असतात. भिंतींना आता डब्यातला रंग आहे. पहिला खड्डा बुजवून त्यावर कुणीतरी तूर पेरली होती. थावरा नायकांचा डावा पाय आखूडच राहिला. पासष्टीत ते काठी टेकत माझ्याबरोबर चढ चढले, आणि मी हात दिला तर म्हणाले, “राहू द्या, तुमीच पडान.”

विहिरीचा कठडा एकदा नव्याने बांधला आहे. बांधकामाच्या खालचा मुरूम अजूनही पाणी देतो. कधीतरी, फार फार वर्षांनी, तोही पुरता सडून माती होईल आणि देणे थांबवेल. नायकांनी एक खडा आत टाकला. आवाज यायला क्षणभर वेळ लागला. पाणी चार परस, म्हणजे चार माणसांच्या उंचीइतके, खाली होते, पण होते.